जिभेने तार चाखणारा साडू

सन अठराशे पंच्याण्णव. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि अख्ख्या मुंबई बेटावर माझ्या साडूइतका डोकं उठवणारा माणूस दुसरा नव्हता. हे मी उगाच म्हणत नाही. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत, पण माणसं मी पोत्याने बघितली आहेत. चक्रम बघितले, दारुडे बघितले, उठसूट अंगात येणारे बघितले. त्यांचं काही वाटत नाही, घटकाभर करमणूक होते आणि आपण आपल्या वाटेने जातो. पण ज्याची आठवण आली की आधी हसू येतं, मग चीड येते, आणि तो मरून इतकी वर्षं झाली तरी त्या चिडीचं काय करायचं ते कळत नाही, असा माणूस मला हा एकच भेटला. त्याची नोकरी माझ्यापायी गेली. घरात असं कोणी म्हणत नाही, कारण कोणाला ते ठाऊकच नाही. त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो राहायला घोडपदेवाला, मी डिलाईल रोडला, आणि दोघेही एकाच गिरणीत. मी सूतखात्यात तेलवाला. हातात झारी घेऊन दिवसभर साच्यांना तेल पाजत फिरायचं. साडू घंटीवाला. हे काम त्या वेळी नवं होतं, म्हणून सांगतो. गिरणीतले सगळे साचे एका मोठ्या इंजिनावर चालायचे, आणि इंजिन होतं अंगणापलीकडच्या खोलीत. खात्यात कोणी पट्ट्यात सापडला तर इंजिनवाल्याला कळणार कसं? म्हणून साहेबाने विजेची घंटी बसवून घेतली होती. प्रत्येक खात्यात खांबावर एक लाकडी डबी, डबीत बटण. बटण दाबलं की तारेतून वीज जायची, इंजिनाशेजारी घंटी खणखणायची आणि इंजिनवाला वाफ बंद करायचा. ही वीज यायची कुठून, तर इंजिनखोलीतल्या फळीवर नवसागराच्या पाण्याने भरलेल्या चार काचेच्या बरण्या होत्या, त्यांत जस्ताच्या कांड्या उभ्या असत. त्या बरण्यांपासून बटणापर्यंत आणि बटणापासून घंटीपर्यंत जे जे काही होतं, त्याचा राजा माझा साडू.

राजाचं राज्य चालायचं जिभेवर. तारेत वीज आहे की नाही हे तो जीभ लावून सांगायचा. लहानपणी तो तारऑफिसात बरण्या उचलायच्या कामाला होता, तिथे ही विद्या शिकला म्हणे. तारेची दोन टोकं दोन बोटांत धरायची, डोळे मिटायचे, जीभ बाहेर काढून टोकं तिच्यावर टेकवायची, आणि मग वैद्याने नाडी बघून सांगावं तसं सांगायचं. "आंबट आहे. पण कालच्याइतकी नाही. तिसऱ्या बरणीत पाणी घाला." आणि तिसऱ्याच बरणीत पाणी कमी निघायचं. नवीन लागलेली माणसं त्याला बघून हसायची. हसणाऱ्याला तो रागवत नसे. त्याच्याही जिभेवर तो तार टेकवी आणि विचारी, "काय लागलं?" माणूस तोंड वेडंवाकडं करून थुंकायचा. साडू समाधानाने म्हणायचा, "बरोबर. चालू आहे."

या जिभेचे त्याने इतके लाड केले होते की तेवढे थोरलीचे केले असते तर बिचारीने नवस फेडले असते. पान नाही, तंबाखू नाही, फार गरम चहा नाही, आणि तिखट तर नाहीच नाही. आता सांगा, माणूस कोकणातला, सासुरवाडी कोकणातली, आणि जेवायला बसला की म्हणतो मला बिनमिरचीचं कालवण द्या. माझे सासरे प्रभादेवीला एका नारळीच्या वाडीत राखण करायचे, तिथेच त्यांचं झोपडं. सणावाराला आम्ही दोघे जावई तिथे जेवायला. सासूबाईंच्या हाताचं बांगड्याचं तिखलं असं, की खाणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. पहिल्या दिवाळीला साडूने ताट बाजूला सारलं आणि शांतपणे सांगितलं, "तिखट खाल्लं की दोन दिवस जीभ आंधळी होते. गिरणीत माणसं मरतील." सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो जावय हा की दुखणेकरी? मिया काय ह्येच्यासाठी येगळी चूल पेटवू?" पण पेटवली. पुढे दर सणाला त्याचा बांगडा वेगळा, नुसत्या हळदीमिठाचा. सासूबाई तो त्याच्या ताटात असा टाकायच्या की जणू मांजराला टाकताहेत. तो मात्र काटे बाजूला काढून चवीने खायचा आणि वर म्हणायचा, "आज मीठ चार खडे जास्त आहे." आणि ते असायचं. हे जास्त वाईट होतं.

जीभ परवडली, पण त्याची दुसरी खोड त्याहून भारी. कुठलीही गोष्ट बिघडली की ती मुळापासूनच बघायची. आधी बरणी, मग घंटी, मग तार, शेवटी बटण, हा घंटीचा क्रम. मधेच उडी मारायची नाही. दोष डोळ्यांसमोर दिसत असला तरी आपल्या क्रमाने तिथवर चालत जायचं. घंटीपुरतं हे ठीक आहे. पण त्याने सगळा संसार या क्रमाला जुंपला होता. सासऱ्यांची गाय एकदा दूध देईना. रविवार होता, आम्ही दोघे तिथेच. साडूने कोट काढून ठेवला आणि सुरुवात केली गवतापासून. गवत हुंगलं, चावून बघितलं. मग विहिरीचं पाणी. मग दावणीची जागा. मग गायीचे दात. सासरे म्हणत होते, "अहो जावयबापू, वासराक बघा." तो म्हणाला, "वासरू शेवटी येतं." दुपार टळली तेव्हा तो वासरापाशी पोचला. वासराचं दावं तुटलेलं होतं, पोट टम्म फुगलेलं होतं आणि तोंडाला फेस. सासरे कपाळावर हात मारून बसले. साडू कोट घालत म्हणाला, "बघा. पोचलो की नाही?"

माझं आणि माझ्या बायकोचं एकदा कडाक्याचं वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही, पण चूक तिची होती. तीन दिवस अबोला. थोरलीने नवऱ्याला पाठवलं समेट करायला. हा आला, मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पहिल्यापासून बघू. सुपारी फुटली तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" आमच्या लग्नातल्या मानपानापासून तो निघाला. वरातीला उशीर कोणामुळे झाला, पहिल्या आषाढात ती माहेरी किती दिवस राहिली, सगळं क्रमाने. दोन तास गेले तरी गाडी लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीपर्यंतच आलेली. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, भावोजींना जरा जायला सांगा ना." तीन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी त्याला दारापर्यंत पोचवलं. जिना उतरताना त्याची कुरकुर चालूच होती, "अजून दोष सापडला नाही, आणि मला उठवतात."

असा माणूस. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

त्या साली खंडेनवमीला सूतखात्याची पूजा माझ्याकडे होती. पूजा मी कोणाला करू देत नसे. दुसरे लोक बुकं शिकतात, मला देवाधर्माचं सगळं तोंडपाठ, आणि माझ्या हातचा नारळ कधी कुजका निघाला नाही. साचे पुसले, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. साडू आला आणि खांबाकडे बोट दाखवून म्हणाला, "बटणाला फूल ठेव. पाणी नको, कुंकू नको. ती तुझ्या कामाची वस्तू नाही." हे तो चारचौघांत म्हणाला. मुकादम होता, जोडीदार होते. तो गेल्यावर माझ्या मनाने घेतलं, की जी वस्तू माणसाचा जीव वाचवते तिला कुंकू नाही आणि सूत कातणाऱ्या लोखंडाला आहे, हा कुठला न्याय? मी त्या डबीची पूजा सगळ्या साच्यांपेक्षा चांगली केली. झाकणाला दोन पितळी पेच होते, त्यांना डोळे समजून कुंकू लावलं. मधल्या बटणाला हळद. आणि नारळ फोडून पहिलं पाणी तिच्यावर घातलं, हात आखडता न घेता. पूजा केली यात माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पाणी जरा जास्त झालं असेल.

दसऱ्याला गिरणी बंद. त्यानंतर आठेक दिवसांनी, सकाळीच, सूतखात्यातल्या एका माणसाच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. मुकादमाने धावत जाऊन बटण दाबलं. दाबलं, दाबलं, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. इंजिन चालूच. तो माणूस खांबाला मिठी मारून ओरडत होता आणि पट्टा त्याला वर ओढत होता. देवाची कृपा, धोतर जुनं होतं. ते टराटरा फाटून सगळंच्या सगळं वर गेलं आणि माणूस जन्माला आला तसा खाली राहिला. मांडी सोलली, बाकी काही नाही. पहिल्यांदा सगळे हसले. मग मुकादम खांबाकडे बघत म्हणाला, "घंटी वाजली नाही." तेव्हा कोणी हसलं नाही.

इंजिनेर साहेब आला. गोरा माणूस, हिंदुस्थानी मोडकी बोलायचा, पण रागात समजायला अडचण नव्हती. "घंटी क्यों नहीं बजा? जिसने बिगाड़ा, वो आज शाम को बाहर." असं सगळ्या खात्यासमोर सांगून त्याने साडूला बोलावलं आणि संध्याकाळच्या भोंग्याची मुदत दिली.

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. होती, म्हणून सांगतो. दोष कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं. मुकादमाचा अंगठा बटणावर होता तेव्हाच कळलं. मी दोन शब्द बोललो असतो तर साडूचे सहा तास वाचले असते.

पण साडू मुळापासून निघाला. पहिल्यांदा बरण्या. चारही बरण्यांची चव घेतली, आंबट, चांगली. मग घंटी सोडवून बरणीला नुसती लावून बघितली, तर ती अशी वाजली की अंगणातले कावळे उडाले. म्हणजे बरणी ठीक, घंटी ठीक. मग तार. इंजिनखोलीच्या भिंतीवरून, अंगणावरून, जिन्याच्या बाजूने, शिडी लावून, वीतभर वीतभर. जिथे जोड असेल तिथे सोडायचा, जीभ लावायची, पुन्हा बांधायचा, पुढे सरकायचं. मी झारी घेऊन साच्यांमधून फिरत होतो आणि खिडकीतून मला तो दिसत होता. दहाला अंगणात. बाराला जिन्याच्या तोंडाशी. जेवायच्या सुट्टीत तो जेवला नाही, जीभ बिघडेल म्हणून. दोनला आमच्या खात्याच्या दारावर शिडी लागली. मुकादम मला म्हणाला, "तुझा साडू गोगलगाय आहे रे. सरळ बटण का उघडत नाही?" मी म्हटलं, "त्याची पद्धत आहे." त्या दिवशी मी एका साच्याला तीनदा तेल घातलं आणि दुसऱ्याला घातलंच नाही.

चारच्या सुमाराला तो खांबापाशी आला. साहेब येऊन उभा होता. साडूने पेचकसाने दोन्ही पेच काढून खिशात टाकले, झाकण काढलं. आत पितळेच्या दोन पट्ट्या असतात, बटण दाबलं की एकमेकींना चिकटतात. त्या हिरव्या पडल्या होत्या आणि मधे लाल चिकट खळ वाळून बसली होती. साडूने वाकून त्या पट्टीला जीभ लावली. साहेबाने तोंड फिरवलं. साडूने डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी चार हातांवर होतो.

"क्या है?" साहेब म्हणाला.

"पानी है, साहब."

"पानी कैसे गया?"

साडूने झाकण हातात फिरवलं. त्याची ती सवयच होती, बोलायच्या आधी मुळापर्यंत जाऊन यायचं. "एक पेच नहीं था," तो म्हणाला. "साफ करते वक्त मुझसे गिर गया. झाकण ढीला रहा, पानी गया. बाद में नया पेच लगाया. मेरा कसूर, साहब."

साहेबाने आणखी काही विचारलं नाही. साडूने पट्ट्या घासून लख्ख केल्या, झाकण बसवलं, बटण दाबलं, अंगणापलीकडे घंटी वाजली. मग त्याने पेचकस साहेबाच्या हातात दिला. साहेबाने तो घेतला.

ते दोघे गेल्यावर मी तेल घालायच्या निमित्ताने त्या खांबाशी गेलो. झाकणावर दोन पेच. दोन्ही जुने, एकाच घडणीचे, आणि दोन्हींच्या डोक्याच्या कडेला मी लावलेलं कुंकू अजून शाबूत. नवमीच्या दिवशी दोन्ही जागेवर होते. पाणी गेलं होतं ते बटणाच्या फटीतून, माझ्या हाताने.

संध्याकाळी फाटकाबाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. रोजच थांबायचा, चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आमची वाट एक. आम्ही चालू लागलो.

"मी तुला असं सांग म्हणालो नव्हतो," मी म्हटलं.

"नाही म्हणालास."

"पेच दोन्ही जागेवर होते."

"असतील."

"मग खोटं कशाला बोललास?"

"खोटं कसलं? मूळ बघ ना. डबी खांबावर लावली कोणी, मी. फटीला मेण लावायला पाहिजे होतं, लावलं नाही, मी. तुला चारचौघांत टाकून बोललं कोण? तूही मधेच उडी मारतोस रे. पहिल्यापासून बघितलं तर तू शेवटी येतोस."

"मला तुझे उपकार नकोत."

"बरं."

पुलापाशी तो घोडपदेवाच्या बाजूला वळला. चार पावलं गेला आणि मागे वळून म्हणाला, "नारळ मात्र चांगला निवडला होतास. गोड होता."

हे वाक्य तो कशापोटी बोलला यावर मी आयुष्याची किती वर्षं घालवली ते मोजलेलं नाही. टोमणा होता म्हणावं, तर त्याला टोमणा मारता येत नसे. थट्टा म्हणावी, तर ती वेळ थट्टेची नव्हती. मला वाटतं, त्याला चव लागली ती त्याने सांगितली, एवढंच. मला राग याचा आहे की त्याने मला भांडूसुद्धा दिलं नाही. चार लोकांत माझं नाव घेतलं असतं, तर मी त्याच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली असती आणि सुखाने झोपलो असतो. तो मला तसाच ठेवून गेला.

पुढे त्याला गिरगावात एका कंत्राटदाराकडे बंगल्यांना घंट्या बसवायचं काम मिळालं. ते त्याला आवडलं नाही. म्हणायचा, "तिथे घंटी वाजली की नोकर चहा घेऊन जातो. त्यात काय आहे?" दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तो आमच्याकडे सगळ्यांच्या आधी यायचा, माझ्या हातात पानं द्यायचा, मिठी मारायचा, आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसायचा. ती मुलगी, जी तेव्हा पोटात होती. तिला त्याचा लळा. मला वाटायचं, हा एकदा तरी तो विषय काढेल. मीही काढला असता, पण मोठा तो होता. सुरुवात त्याने करायला हवी होती. त्याने केली नाही आणि एका पावसाळ्यात तापाने गेला. थोरली अजून मला म्हणते, "ते तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत हो." मला माहीत आहे. तेच तर म्हणतो.

इतकं लिहिलं तर राहिलेलंही लिहितो. त्याची नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सूतखात्यात आला. त्याच्या हातात साडूचा पेचकस होता. घंटी का काम किसको आता है, असं त्याने विचारलं. धोतर गेलेला तो माणूस मांडीला फडकं बांधून माझ्या शेजारीच उभा होता. मुकादम खाली बघत होता. खात्यात प्रत्येकाला वाटत होतं की निदान आठ दिवस तरी ते काम कोणी मागू नये. मी तेलाची झारी खाली ठेवली आणि हात वर केला.